हजर केलेला ड्रायव्हर

उन्हाळ्यात रस्त्याने पाण्याचा टँकर जाताना दिसला की ती केस आजही जशीच्या तशी आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, फरारी आरोपींच्या मागे जिल्हे पालथे घातले. पण वर्तमानपत्रात दोन ओळींत आटोपलेल्या एका अपघाताने मला जेवढं शिकवलं, तेवढं त्या मोठ्या गुन्ह्यांनी शिकवलं नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, म्हणून इथे कोणाचंही नाव लिहीत नाही. गावाचंही नाही.

विना लायसन गाडी चालवणं याला आपल्याकडे कोणी गुन्हा समजतच नाही. नाकाबंदीत अडवलं की खिसे चाचपायचे, "साहेब, घरी राहिलं" म्हणायचं, ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावायचा आणि काहीच जमलं नाही तर दंड भरून पुढे निघायचं. त्या काळी कायद्यात त्यासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होती. कैद झालेला एकही माणूस मी पाहिला नाही. पाचशे रुपयांची मात्र लोकांना भारी चीड यायची, जणू आम्ही पोलिसांनी त्यांच्या घरावर दरोडा घातला होता.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, गेवराई भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले होते. ऊस नव्हता, कारखाने बंद होते. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की कोयते बांधून ऊसतोडीला जाणारी माणसं गावातच बसून होती. ठाण्यात चोऱ्यांपेक्षा पाण्यावरून झालेल्या मारामाऱ्याच जास्त यायच्या. गावोगाव सरकारी टँकर सुरू होते आणि आमच्या भागातला टँकरचा ठेका एका वाहतूक सहकारी संस्थेकडे होता. शेतकरी तिचे सभासद, आणि चेअरमन म्हणतील ती पूर्व दिशा.

चकलांब्याच्या बाजूला रस्त्यापासून आत एक वाडी आहे. तिथली विहीर हिवाळ्यातच आटली होती. वाडीतला एक तिशीतला शेतकरी तहसीलला खेटे घालून घालून टँकर मंजूर करून घेऊन आला. पहिला टँकर वाडीत आला तो दिवस वाडीला सणासारखा होता. टँकर विहिरीत ओतण्यासाठी मागे घेत असताना हाच शेतकरी मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत हात दाखवत होता. विहिरीकडे थोडा उतार होता. भरलेला टँकर थांबला नाही. टँकर आणि विहिरीचा कठडा यांच्यामध्ये सापडून तो जागच्या जागी गेला.

मी घटनास्थळी पोचलो तेव्हा टँकरमधलं पाणी तसंच होतं. एकाही बाईने हंडा पुढे केला नव्हता. पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. चाकांच्या खुणा, कठड्याचे पडलेले दगड, रक्त, सगळं मोजून लिहिलं. टँकरच्या बॉनेटवर हळदकुंकू लावलेलं होतं आणि विहिरीजवळ फोडलेल्या नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. मी पंचांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की पहिल्यांदा पाणी घेऊन आलेल्या माणसाचा मान करायची रीत आहे. त्याला ओवाळतात, टोपी-टॉवेल देतात. तेही पंचनाम्यात लिहून घेतलं. ड्रायव्हर कोण होता म्हटल्यावर मात्र सगळे जमिनीकडे बघायला लागले. शेवटी एकाने एक नाव सांगितलं आणि मग बाकीच्यांनी तेच नाव सांगितलं.

परत आलो तर त्याच नावाचा माणूस ठाण्यात हजर. पन्नाशी ओलांडलेला, दाढी केलेला, धुतलेला शर्ट. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात लायसन, गाडीचे कागद, विम्याची प्रत, सगळं नीट लावून ठेवलेलं. अपघात केलेला ड्रायव्हर कसा असतो ते आम्हाला पाठ असतं. तो आधी लोकांच्या माराच्या भीतीने पळतो, मग नातेवाइकाकडे लपतो, मग वकील घेऊन येतो. हा गृहस्थ बाकावर बसून चहा पीत होता.

आमचे ठाणे अंमलदार जुने हवालदार होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "साहेब, ह्या मानसाला ह्याच्या आधी मीच जामिनावर सोडलाय. एकदा ट्रॅक्टरच्या केसमधी, एकदा जीपच्या. दोन्ही गाड्या ह्याच संस्थेच्या."

म्हणजे संस्थेची कोणतीही गाडी कुठेही धडकली, तरी चालवायला हाच. मला हसू आलं, पण वाडीवरची ती रडारड कानातून गेली नव्हती.

मी त्याला आत बोलावलं. वयाने मोठ्या माणसाला मी ठाण्यातही अहो-जाहो करायचो. काही सहकारी त्यावरून माझी थट्टा करायचे, पण शिव्या देऊन जे कळत नाही ते खुर्ची दिली की कळतं, असा माझा अनुभव आहे. त्याला खुर्ची दिली आणि वाडीवर पोचल्यापासूनचं सगळं सांगा म्हटलं.

"काय सांगायचं साहेब. गेलो, टँकर हिरीकडं वळवला, रिव्हर्स घेतला. मागं मानूस हाय हे दिसलं न्हाई. चुकी झाली माझी."

गाडी किती वाजता भरली, कोणत्या रस्त्याने आला, मयत कोणत्या बाजूला उभा होता, सगळी उत्तरं बरोबर होती. चांगली तयारी करून घेतलेली होती. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाडीच्या लोकांनी तुम्हाला काय दिलं?"

"काय देतेत साहेब? पानी टाकायला गेलतो, लगनाला थोडंच गेलतो."

हवालदारांचं लिहिणं थांबलं. त्याला पढवणाऱ्यांनी रस्ता सांगितला, वेळ सांगितली, चाकाची दिशा सांगितली, पण मानपानाचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिकडच्या माणसांना पाहुण्याचा मान करणं इतकं अंगवळणी पडलेलं आहे की ते कोणाला वेगळं सांगावं लागतं हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. मी पंचनाम्यातला तो मजकूर त्याला वाचून दाखवला. त्याने पाणी मागितलं.

मी त्याला विचारलं की तुम्हाला नेमकं काय सांगून पाठवलं आहे. तर म्हणाला, जामीनपात्र गुन्हा आहे, संध्याकाळपर्यंत घरी. तेवढं खरं होतं. पुढचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. हलगर्जीपणाने माणूस मेल्याचा गुन्हा आहे, शिक्षा लागली तर तुरुंग आहे, लायसन जाईल ते वेगळं. शिवाय मयताच्या घरचे भरपाईचा दावा लावतील त्यात मालकाबरोबर ड्रायव्हरचंही नाव असतं, म्हणजे उतारवयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. हे ऐकून तो खचला आणि खरं काय ते बोलला. पूर्वी तो कपिलधारच्या यात्रेला जीप भरभरून न्यायचा. पुढे गुडघा गेला, क्लच दाबला की जीव कासावीस व्हायचा. संस्थेने त्याला कामावरून काढलं नाही. संस्थेला लायसन असलेले ड्रायव्हर परवडत नव्हते, कारण ते पगार पूर्ण मागतात. तोडीला न गेलेली पोरं अर्ध्या पगारावर मिळत होती. त्यांच्याकडे लायसन नव्हतं. म्हणून अशा पोरांच्या हाती गाड्या दिल्या आणि प्रसंगी हजर करायला हा एक माणूस ठेवला.

"मला जिमीन न्हाई साहेब," तो म्हणाला. "माझं लायसन म्हंजी माझं शेत हाय. त्याच्यावरच पिकतं."

त्याची मला दया आली, आणि ज्यांनी त्याला असं पिकवून खाल्लं त्यांचा संताप आला. टँकर कोण चालवत होता ते मात्र त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याला फक्त "ठाण्यात जा" म्हटलं होतं आणि तो आला होता.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. बरोबर सरपंच आणि मयताचा धाकटा भाऊ. चेअरमन वाईट माणूस होता असं मी लिहिणार नाही. त्याच दुष्काळात त्याने जनावरांची छावणी चालवली होती आणि त्याच्या दारातून कोणी उपाशी जात नसे. बोलणं गोड, आवाज कधी चढायचा नाही. आपल्या माणसाची जबानी पोलिसांपुढे फुटली हे त्याला कळलेलं होतं. तरीही तो बिथरला नव्हता.

"साहेब, गेलेला मानूस काय परत येत न्हाई," तो म्हणाला. "लायसनवाला ड्रायव्हर दाखविला तर विमा कंपनी पैसे देती, त्या बाईच्या लेकरांचं भलं हुतंय. तुमी खरं हुडकाया गेलात तर कंपनी हात वर करंल. मंग त्या बाईला पैसे तुमी देनार हाव का?"

मयताचा भाऊ मान खाली घालून होता. तो हळूच म्हणाला, आमची काही तक्रार नाही, आहे तसं राहू द्या. सरपंच म्हणाले, टँकर जप्त करून ठाण्यात लावलाय, वाडीला पाणी कुठून आणायचं?

चेअरमनचा प्रश्न घेऊनच मी घरी गेलो. खोट्याला खोटं म्हणणं मला येत होतं, पण खऱ्याची किंमत एका विधवेने मोजायची असेल तर? रात्रभर तेच डोक्यात होतं. खरं तर सोपं होतं. हजर झालेला माणूस आरोपी, साक्षीदार सगळे एका सुरात, मयताच्या घरचे राजी. दोषारोपपत्र पाठवून मोकळं होता आलं असतं. वरूनही एक फोन येऊन गेला होता की साधा अपघात आहे, फार ताणू नका. पण त्याच संस्थेच्या बाकीच्या गाड्या त्या दिवशीही तशाच पोरांच्या हातात रस्त्यावर होत्या. आज हे मिटवलं तर पुढच्या वाडीवरच्या पंचनाम्यालाही मलाच जावं लागणार होतं.

सर्वांत आधी मी तहसीलदारांना भेटलो आणि वाडीला दुसऱ्या ठेकेदाराचा टँकर लावून घेतला. हे काम पोलिसाचं नाही, पण तहानलेला साक्षीदार खरं बोलत नाही, तो पाण्याकडे बघून बोलतो. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून जप्त टँकर तपासून घेतला. ब्रेक व्यवस्थित होते. म्हणजे दोष गाडीत नव्हता, चालवणाऱ्यात होता.

मग मयताच्या बायकोचा जबाब घेतला. दीर बरोबर आला होता आणि तिच्या वतीने तोच बोलत होता. महिला शिपाईंनी त्याला बाहेर चहाला नेलं तेव्हा कुठे ती बोलली. तिने ड्रायव्हर म्हणून ठाण्यात हजर झालेल्या माणसाचंच नाव सांगितलं. नुसतं नाव नव्हे, वडिलांचं नाव आणि आडनावासकट. ज्या माणसाला बाई त्या दिवशी पहिल्यांदा बघते त्याच्या बापाचं नाव तिला कुठून कळणार? मी एवढंच विचारलं की ड्रायव्हरला ओवाळलं कोणी. तिने पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही. मी जबाब तिथेच थांबवला. ओवाळणारी हीच, हे सांगायला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात मी कोर्टात सरकारी वकिलांना गाठलं. चेअरमनने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला. ते हसले. म्हणाले, अर्धा कायदा सगळ्यांनाच पाठ असतो. ड्रायव्हरकडे लायसन नसेल तर विम्याची अट मोडते हे खरं. गाडीच्या नुकसानीचे पैसे मालकाला मिळायचे नाहीत, आणि मालकाने जाणूनबुजून बिगर लायसनवाल्याच्या हाती गाडी दिली असेल तर भरपाईचा भार शेवटी त्याच्यावरच येतो. पण रस्त्यावर मेलेल्या तिऱ्हाईत माणसाचा त्यात काय दोष? अशा वेळी कोर्ट कंपनीला सांगू शकतं की आधी तुम्ही वारसांना पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा.

म्हणजे चेअरमनला जे भय होतं ते बाईचे पैसे बुडण्याचं नव्हतं. ते आपल्या संस्थेच्या तिजोरीतून जाण्याचं होतं. मला इतका राग आला की वकिलांच्या टेबलावरचा चहा तसाच ठेवून उठलो.

महिला शिपाईंना घेऊन मी वाडीवर गेलो. जीप लांब लावली आणि चालत गेलो, कारण दारात पोलिसांची गाडी उभी राहिली की घरातलं माणूस आधीच अर्धं मिटून जातं. नवा टँकर नुकताच विहिरीत रिकामा करून गेला होता आणि बायका पाणी शेंदत होत्या. मयताची बायको घरात सासूजवळ बसली होती. दोन लेकरं अंगणात. मी बाहेरच बाजेवर बसलो आणि वकिलांनी सांगितलेलं सगळं तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. सासूही ऐकत होती.

तिने एकच प्रश्न विचारला. "साहेब, खरं बोलले आन् पैसे बुडाले तर लेकरांला काय घालू?"

"ताई, पैसे मिळतीलच असं मी सांगू शकत नाही," मी म्हणालो. "ते कोर्टाच्या हातात आहे. पण कंपनीला नुसते हात वर करता येत नाहीत, हे नक्की. आणि तुम्ही खोटं बोललात आणि कंपनीच्या माणसाने ते कोर्टात उघडं पाडलं, तर तुमच्या दुसऱ्या कोणत्याच शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

सासूनेच मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बोल बाई. माझं लेकरू गेलंय, मला बी कळू दे कुनी नेलं."

"मीच ववाळलं त्याला," ती म्हणाली. "कुकू मीच लावलं. आमच्या मालकांनीच सांगितलं, पानी आनलंय पोरानं, ववाळ त्याला. तो म्हातारा न्हवता साहेब. तरना गडी हुता. डोळे मिटून उभा ऱ्हायलता, देवापुढं ऱ्हातेत तसा. टोपी घालू दिली न्हाई, लाजला, टावेलात गुंडाळून घेतली. आन् पाच मिंटांत..."

महिला शिपाई रडत रडत जबाब लिहीत होत्या आणि मी त्यांना थांबवलं नाही.

तिचं ऐकून वाडीतले आणखी चौघे-पाच जण पुढे आले. पाण्याची सोय झाली होती आणि बाई स्वतःच बोलली म्हटल्यावर त्यांना गप्प राहण्याची लाज वाटू लागली होती. चेअरमनच्या बाकीच्या ड्रायव्हर पोरांना एकेक करून बोलावलं. उद्या आपल्या हातूनही असंच कोणी मरेल हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांच्यातल्या एकाने नाव फोडलं. तो तरुण नांदूरघाटच्या पुढे सासुरवाडीत लपला होता. आम्ही गेलो तेव्हा पळाला नाही. गोठ्यात बसला होता, तिथून उठून आला आणि जीपमध्ये बसला. घरझडतीत धान्याच्या पोत्यामागे नवा टॉवेल सापडला आणि त्यात टोपी, घडी न मोडलेली. ती पंचांसमक्ष जप्त केली.

दरवर्षी तोडीला जाणारा, तिथे उसाचे ट्रॅक्टर चालवायला शिकलेला हा गडी. त्या वर्षी तोडच नव्हती, बायकोला दिवस गेलेले. त्याने चेअरमनला सांगितलं होतं, लायसन काढून द्या, भरलेला टँकर मी कधी मागं घेतला नाही. चेअरमन म्हणाला होता, उन्हाळा निघू दे, मग बघू. उतारावर टँकर सुटला तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर पडायचा तो दुसरीकडेच पडला. "मी मारलं साहेब," एवढंच तो परत परत म्हणत होता. मी त्याला धीर दिला नाही. त्याने माणूस मारला होता, आणि ते त्याला कळत होतं हे ठीकच होतं.

नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. ओळख परेडच्या वेळी तपास करणारा पोलीस आत नसतो, तसा मीही बाहेर व्हरांड्यात उभा होतो. त्या तरुणाच्याच वयाची, त्याच्याच अंगलटीची माणसं रांगेत उभी केली होती. मयताची बायको आत गेली आणि लगेच बाहेर आली. नायब तहसीलदार मला नंतर म्हणाले की तिने रांगेकडे नीट पाहिलंही नाही, सरळ चालत गेली आणि त्याच्यापुढे थांबली. तो मात्र तिच्याकडे वर बघू शकला नाही.

तरुण ड्रायव्हरवर हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आणि विना परवाना वाहन चालवल्याचा गुन्हा लागला. चेअरमनवर, परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिल्याचा आणि खोटा आरोपी उभा करून पोलिसांची दिशाभूल केल्याचा. म्हातारा ड्रायव्हर साक्षीला उभा राहिला. टँकर मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात कितीतरी दिवस उभा होता. त्याचं भाडं बुडालं, त्यावरचं कर्ज मात्र चालूच राहिलं, आणि संस्थेचा ठेका गेला. अर्ध्या पगाराच्या ड्रायव्हरमध्ये जे वाचवलं होतं त्याच्या कितीतरी पट गेलं. संस्थेच्या वार्षिक सभेत कधी तोंड न उघडणारे सभासद त्या वर्षी उठून उभे राहिले आणि चेअरमनला खुर्ची सोडावी लागली.

फौजदारी खटल्यात तरुण ड्रायव्हरला शिक्षा लागली आणि ती त्याने भोगली. भरपाईच्या दाव्याचा निकाल त्यानंतर बीडला लागला. माझी तोवर बदली झाली होती, पण त्या दिवशी मी रजा टाकून गेलो. सरकारी काम म्हणून नव्हे. त्या बाईला मी एका बाजेवर बसून जे सांगितलं होतं, ते खरं ठरतं की नाही हे मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. कोर्टाने कंपनीला सांगितलं, आधी मयताच्या वारसांना रक्कम द्या आणि मग संस्थेकडून वसूल करा. तिथे आलेल्या माजी चेअरमनने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब चुकलेल्या माणसाचं ओशाळलेपण होतं. मला त्या क्षणी मनापासून बरं वाटलं, हे लपवत नाही.

लोक मला विचारतात, या नोकरीत माणसं ओळखायला काय शिकलात. मी सांगतो की माणूस खोटं बोलतो तेव्हा दर वेळी तो लबाडच असतो असं नाही. ती अख्खी वाडी खोटं बोलली होती, आणि त्यांच्यात एकही लबाड नव्हता. त्यांना कोणीतरी अर्धा कायदा सांगितला होता आणि पाणी बंद होईल म्हणून घाबरवलं होतं. त्यानंतर मी कोणत्याही साक्षीदाराला "खरं सांग" म्हणण्याआधी हे बघायला लागलो की खरं सांगितल्यावर त्याच्या घरात उद्या काय होणार आहे. त्याचं उत्तर आपल्याकडे असलं, की माणूस बहुतेक वेळा खरंच बोलतो. आणि विना लायसन गाडीला हात लावणाऱ्याला मी पुढे एकदाही नुसता दंड घेऊन सोडला नाही. गाडी ठाण्यात लावायला लावायचो, मालकाला बोलावून घ्यायचो. लोक मला तिरसट म्हणायचे. म्हणू देत.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्या तरुण ड्रायव्हरची बायको बसली होती, मांडीवर लेकरू घेऊन. दाव्यात त्याचंही नाव होतं म्हणून दोघं आले होते. तो जरा लांब उभा होता. मयताची बायको कोर्टातून बाहेर आली, तिच्या दिराने तिला फाटकाकडे चल म्हटलं, पण ती वळली आणि त्या पोरीजवळ जाऊन खाली बसली. मी जवळच होतो. आता काय बोलणं होतं म्हणून मी दोन पावलं पुढे झालो. पोरगी घाबरून उठायला लागली तर हिने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तुझा मानूस तुला परत आलाय, त्याला संभाळ," ती म्हणाली. "पर लायसन निघंस्तवर त्याच्या हातात चावी देऊ नको. रडला तरी देऊ नको, उपाशी ऱ्हायलीस तरी देऊ नको."

पोरगी मान हलवत राहिली. बाईने तिच्या मांडीवरच्या लेकराच्या तोंडावर आलेलं ऊन पदराने अडवलं, थोडा वेळ तशीच बसली आणि मग उठून दिराबरोबर एसटी स्टँडकडे निघून गेली.